झिरोच्या बल्बचा हिशोब

“सर, नवा मीटर लई पळतोय बघा. बसवल्यापासनं बिल खाली यायचं नावच घेईना.”

शेजारच्या वहिनी बिल हातात घेऊनच दारात उभ्या होत्या. ३२८ युनिट. घरात चार माणसं, एसी नाही, बल्ब तर सगळे एलईडी. त्यांचं म्हणणं सरळ होतं : दिवे बदलले तरी बिल चढतंय, म्हणजे खोट मीटरमध्येच. मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या मुलांना २९ वर्षं शिकवलं. आता निवृत्त होऊन कऱ्हाडला राहतो, आणि गेल्या वर्षभरात हीच तक्रार किमान वीस घरांतून ऐकली आहे. म्हणून वाद घातला नाही. टॉर्च घेतली आणि म्हटलं, “वहिनी, घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि माझ्याबरोबर खाली चला.”

मीटर जिन्याखालच्या पेटीत. काचेवरची धूळ रुमालाने पुसली. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, आणि त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो. या मीटरवर तो ३२०० होता. म्हणजे ठिपका ३२०० वेळा चमकला की एक युनिट झालं. घर बंद होतं, तेव्हा ठिपकाही थांबायला हवा होता. तो थांबला नव्हता. मी घड्याळ धरलं. साधारण दर बत्तीस सेकंदांनी तो एकदा चमकत होता.

“सगळं बंद केलंय की हो!” वहिनी म्हणाल्या.

आम्ही परत वर गेलो. देवघरात झिरोचा लाल बल्ब तेवत होता. तो बंद करायचा असतो हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं, कारण तो कधी बंद होतच नाही. टीव्ही रिमोटने बंद केलेला, पण त्याच्या सेट टॉप बॉक्सला हात लावला तर तो कोमट. कोपऱ्यात वायफायचा राउटर. तिन्ही मिळून ३५ वॉटच्या आसपास. चोवीस तास आणि तीस दिवस धरले तर महिन्याला २५ युनिट. घरात कुणी नसताना, सगळे झोपलेले असताना, लग्नाला गावी गेलेले असतानासुद्धा.

झिरोच्या बल्बची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो. नाव झिरो, पण हा जुना तारेचा बल्ब १२ ते १५ वॉट खातो. मग झिरो का म्हणायचं? जुन्या मीटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची चकती फिरायची. तिला फिरायला थोडा तरी जोर लागायचा. एवढ्याशा बल्बवर ती जागची हलायची नाही, नाहीतर अगदी रेंगाळायची. त्यात मीटर वीस-पंचवीस वर्षांचा, घासलेला असला की विचारायलाच नको. बल्ब वीज खात होता, मीटर ती मोजत नव्हता, आणि आपण त्याला शून्य म्हणत होतो. नवा मीटर ते १५ वॉट बिनचूक मोजतो. दिवसरात्र चालणाऱ्या त्या एका लाल बल्बचे महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. मीटर पळायला लागलेला नाही, त्याला दिसायला लागलं आहे. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की आता आपणही पाहायला शिकलं पाहिजे.

दुधाचा हिशोब आपण ठेवतो. दिनदर्शिकेच्या चौकटीत अर्धा लिटर, एक लिटर, खाडा, सगळं लिहिलेलं असतं. सिलिंडर कधी लावला त्याची तारीख असते. पेपरचं बिल, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, भिशीचा हप्ता, सगळ्याची नोंद असते. फक्त विजेचा हिशोब आपण महिनाभर न बघता सोडून देतो, आणि बिल आलं की चिडतो. दूधवाल्याने महिनाअखेरीला नुसता आकडा सांगितला असता तर आपण मानला असता का?

माझं बालपण पाटण तालुक्यातल्या एका वाडीत गेलं. कोयनेची वीज १९६२ पासून तयार व्हायला लागली होती. तिच्या तारा आमच्या डोक्यावरच्या डोंगरातून जायच्या, पण वाडीत दिवे आले तेव्हा मी चौथीत होतो. आमच्या घरी एकच बल्ब होता, ४० वॉटचा. आप्पांनी माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत वीतभर चौकोनी भोक पाडून त्यात तो बसवला, म्हणजे एका बल्बचा उजेड दोन्हीकडे पडेल. इकडे आमचा अभ्यास, तिकडे आईच्या भाकरी. आईला चुलीपाशी थोडं अंधारायचं आणि मला पाटीवर तिची सावली पडायची. पण त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं की आपण किती वीज वापरतो. एक बल्ब, रात्री नऊपर्यंत. ती काटकसर गरिबीची होती आणि तिचं गुणगान मी करणार नाही. मुलांनी अपुऱ्या उजेडात डोळे ताणून वाचावं, आईने अर्ध्या अंधारात चुलीपुढे बसावं, याला मी बचत म्हणत नाही. उजेड तेवढाच किंवा जास्त मिळून वीज कमी लागली, तर ती खरी बचत.

ती आपल्याला एलईडीने मिळवून दिली. तारेच्या बल्बमध्ये शंभरातली नव्वदच्या वर वीज उष्णता होऊन जाते. त्याला दिवा म्हणण्यापेक्षा छोटी शेगडी म्हणावं. ६० वॉटचा जुना बल्ब जेवढा उजेड द्यायचा, तेवढा किंवा थोडा जास्त ९ वॉटचा एलईडी देतो. घरात असे सहा दिवे रोज पाच तास लागतात असं धरा. पूर्वी महिन्याला ५४ युनिट लागत, आता आठ. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब स्वतः ४० वॉट आणि चोकचे वर पंधराएक वॉट घ्यायची. तिचं काम आज २० वॉटची एलईडी पट्टी करते.

हा बदल उपदेशाने झाला नाही, किमतीने झाला. निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. निळा प्रकाश हाती आल्यावरच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. पुढच्याच जानेवारीत, २०१५ मध्ये, आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनी एका वेळी लाखो-कोटी बल्बची खरेदी करू लागली आणि तिला २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास पडणारा बल्ब दोन-तीन वर्षांतच ४० रुपयांच्या आत आला. या योजनेतून देशभरात ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. बिल भरण्याच्या केंद्राबाहेर टेबल मांडलेलं असायचं, बिल दाखवायचं आणि बल्ब घ्यायचे. मीही त्या रांगेत उभा राहिलो आहे. सरकारचं एखादं धोरण थेट स्वयंपाकघरातल्या होल्डरपर्यंत पोहोचल्याचं इतकं लख्ख उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

दिव्यांबाबत आता दोनच गोष्टी सांगायच्या उरल्या. पहिली : बल्ब घेताना वॉटबरोबर ल्यूमेन वाचा. वॉट म्हणजे तो खातो किती, ल्यूमेन म्हणजे देतो किती. ९ वॉटचा चांगला बल्ब ९०० ल्यूमेनच्या आसपास देतो. दुसरी : हातगाडीवरचा, खोक्यावर बीआयएसचं प्रमाणचिन्ह नसलेला स्वस्त बल्ब घेऊ नका. एलईडीचा दाणा सहसा जळत नाही, जळतं ते त्याच्या बुडातलं सर्किट. स्वस्त बल्बमध्ये तिथेच काटछाट केलेली असते. सहा महिन्यांत तो जातो आणि माणसं म्हणतात, “एलईडी टिकत नाही.” बिल घ्या, त्यावर तारीख घाला, वॉरंटीत बदलून मागा. आणि देवघरात अर्ध्या वॉटचा एलईडी लावा. दिवसरात्र लावून ठेवलात तरी महिन्याला अर्धं युनिटही होत नाही.

पण दिव्यांपाशी थांबून चालणार नाही, आणि वहिनींची चूक तिथेच होती. दिवे बदलले म्हणजे बचत झाली असं त्यांनी धरलं होतं. मी त्यांच्या मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरपाशी उभं केलं आणि वहिनींना गिझर लावायला सांगितलं. ठिपका सेकंदाला जवळपास दोनदा चमकायला लागला. मुलाने मिनिटभर मोजले : १०७. “काका, हा तर थांबतच नाही!” तो ओरडला. १०७ ला ६० ने गुणा, ३२०० ने भागा : ताशी दोन युनिट. गणित त्याचं त्यानेच केलं. पाठ्यपुस्तकातला किलोवॉट-तास त्याला त्या दिवशी जिन्याखाली दिसला.

त्या घरी गिझर साडेपाचला लागायचा आणि सगळे बाहेर पडले की नऊला बंद व्हायचा. आता शेवटची अंघोळ झाली की काय होतं ते पाहा. टाकीत गार पाणी भरतं, थर्मोस्टॅट जागा होतो आणि पंधरा लिटर पाणी पुन्हा तापवतो. त्या पाण्याने अंघोळ करणारं घरात कुणी उरलेलं नसतं. त्यात रोज जवळपास अर्धं युनिट जातं, महिन्याला पंधरा. उपाय काय? शेवटच्या माणसाने बादली भरायला घेण्याआधी बटण बंद करायचं. खर्च शून्य.

मग पंखे. आपल्या हवेत वर्षातले आठ-नऊ महिने पंखा चालतो, आणि जुना पंखा ७०-७५ वॉट घेतो. नवा बीएलडीसी पंखा पूर्ण वेगाने फिरताना २८ ते ३५ वॉट घेतो. दिवसाला चौदा तास फिरणारा एक पंखा बदलला की महिन्याला वीसेक युनिट वाचतात. किंमत जास्त आहे हे खरं, पण जास्त वापरातला पंखा दीड-दोन वर्षांत ती फेडतो. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाचं लेबल सक्तीचं आहे, ते वाचून घ्या. आणि भिंतीवरचा पेटीसारखा जुना रेग्युलेटर अजून असेल तर त्याला हात लावून बघा. तो तापतो, म्हणजे पंखा हळू केल्यावर वाचायला हवी ती वीज तो उष्णतेत घालवतो.

ही वीस-पंचवीस युनिटं किरकोळ वाटतात, पण ती आपल्या बिलातली सर्वात महाग युनिटं असतात. आपल्याकडे दर टप्प्यांनी चढतो : १०० पर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी. पहिल्या शंभराच्या मानाने दुसऱ्या टप्प्यातला वीज आकार दुपटीहून अधिक आहे. वर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. बचत होते ती नेहमी वरच्या टोकाची. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट हे बिलातल्या सरासरी दरापेक्षा जास्त पैसे वाचवतं. आणि घराबाहेरचा हिशोब वेगळाच. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. वहिनींच्या घरात कुणाच्याही उपयोगी न पडता जाणाऱ्या त्या २५ युनिटांसाठी कुठेतरी दर महिन्याला पंधरा-सतरा किलो कोळसा जळत होता.

आता मीटरबद्दलच्या रागाकडे येतो. तो सगळा गैरसमज आहे असं मी म्हणणार नाही, कारण तसा राग यावा असा प्रकार माझ्या घरातही घडून गेला आहे. काही वर्षांपूर्वी सलग पाच महिने माझ्या बिलावर ‘घर बंद’ असा शेरा आणि सरासरीचा आकडा येत होता. मीटर बाहेरच्या भिंतीवर होता, कुलूपबंद दारामागे नव्हे. मी दर महिन्याला रीडिंगचा फोटो काढला, तारीख घातली, अर्ज दिले, चार खेपा घातल्या, तेव्हा बिल दुरुस्त झालं. मी या विषयातला माणूस असून मला चार खेपा पडल्या. मजुरी बुडवून जाणाऱ्या माणसाचं काय झालं असतं? त्याचा विश्वास उडाला तर दोष त्याचा नाही. पण याच अनुभवामुळे मला स्वतः रीडिंग पाठवणारा मीटर हवासा वाटतो. त्यात ‘घर बंद’ असा शेरा मारायला जागाच उरत नाही.

स्मार्ट मीटर प्रीपेड असावा की नाही, यावर २०२४ मध्ये राज्यात मोठा विरोध झाला आणि सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. ते योग्यच झालं. हातावर पोट असलेल्या घरात रिचार्ज संपला म्हणून रात्री पंखा थांबावा, हे मला मान्य नाही. मात्र महिनाअखेरीला बिल देणारा, पण तासातासाचा वापर नोंदवणारा टीओडी मीटर ही वेगळी गोष्ट आहे. जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत ठेवली आहे. कारण उघड आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते. संध्याकाळी सूर्य मावळतो, घराघरांत दिवे लागतात आणि तेव्हा कोयनेची जनित्रं धावून येतात. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी मोजकं आहे. कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्री, पाण्याची मोटर दुपारी चालवली तर ते पाणी संध्याकाळसाठी राहतं आणि आपलेही पैसे वाचतात. दिवसभर कामावर असणाऱ्यांना याचा लाभ कमी मिळतो, हे मात्र मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी रविवार आहे आणि टायमर आहे, पण ते पुरेसं नाही.

म्हणून वीज कंपन्यांकडे माझ्या चार मागण्या आहेत. ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये एक चांगली दुरुस्ती झाली : रीडिंग वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाने तक्रार केली, तर पाच दिवसांत त्याच्याकडे पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने दोन्ही ताडून पाहायचे. हा नियम प्रत्येक कार्यालयाच्या दारावर, मोठ्या अक्षरांत, मराठीत लावा. सक्तीने मीटर बदलून जे होणार नाही ते या एका फलकाने होईल. दुसरी मागणी, मीटर डोळ्यांच्या उंचीवर आणि उजेडात बसवा. अंधाऱ्या जिन्याखाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेला मीटर आजीने कसा वाचावा? तिसरी, तासातासाचा वापर मोबाइलवर दाखवताच, तसा तो कागदी बिलावरही साध्या आलेखात छापा. चौथी, ही माहिती जपा. घर कधी रिकामं असतं, माणसं कधी झोपतात, हे सगळं त्या नोंदीत दिसतं. ती ग्राहकाची आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती जाता कामा नये.

शाळांकडेही एक मागणी आहे. आठवीच्या मुलांना एक प्रयोग द्या : घरातलं सगळं बंद करून मीटरचा ठिपका दहा मिनिटं मोजायचा, आणि घरात काय काय जागं आहे ते शोधून काढायचं. प्रयोगशाळा लागत नाही, साहित्य लागत नाही. माझ्या आयटीआयच्या मुलांना मोटर गुंडाळायला शिकवताना मला जे जमलं नाही, ते त्या शेजारच्या मुलाला ठिपक्याने मिनिटभरात शिकवलं.

वहिनींनी देवघरातला बल्ब बदलला, सेट टॉप बॉक्स रात्री भिंतीवरच्या बटणाने बंद करायला लागल्या, गिझरची शिस्त लावली आणि सर्वात जास्त फिरणारे दोन पंखे बदलले. राउटर चालूच आहे. मुलाचा अभ्यास त्यावर आहे आणि तो बंद करा असं मी सांगितलंही नाही. तीन महिन्यांनी त्यांचं बिल २५१ युनिटांचं आलं. मीटर तोच आहे.

परवा त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रविवारच्या चौकटीत, दुधाच्या आकड्याखाली, निळ्या पेनाने दुसरा एक आकडा लिहिलेला होता : त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग. मुलगा खाली जाऊन वाचून येतो, वहिनी मागच्या रविवारचं त्यातून वजा करतात. एका आठवड्यापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, “त्या आठवड्यात चौदा युनिटं जास्त गेलीत, सर. पाहुणे होते चार दिवस, पण तेवढ्यानं चौदा होत नाहीत. फ्रिजचं रबर सैल झालंय का बघायचंय.”

२९ वर्षं वर्गात मी हाच प्रश्न ऐकायची वाट पाहत होतो. येत्या रविवारी तुम्हीही टॉर्च घेऊन खाली जा, काच पुसा, आकडा वाचा आणि दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवा. पुढच्या रविवारी वजाबाकी करा. प्रश्न तुमचे तुम्हालाच पडायला लागतील.